वैमानिकाच्या नजरेतून ढग : कोलकात्याचे आकाश, कालबैशाखी आणि मेघछायाचित्रण

कोलकात्याच्या दमदम विमानतळावर ये-जा करणाऱ्या वैमानिकांना मार्च ते मे या महिन्यांत वायव्येकडील आकाशावर विशेष लक्ष ठेवावे लागते. दुपारपर्यंत निरभ्र असलेल्या या दिशेला संध्याकाळच्या सुमारास काळ्या ढगांची भिंत उभी राहते. तासाभरात वारा दिशा बदलतो, धूळ उडते, विजा चमकू लागतात आणि शहरावर पाऊस कोसळतो. बंगालमध्ये या वादळाला 'कालबैशाखी' असे म्हणतात. महाराष्ट्रात वैशाखात पडणाऱ्या वळवाच्या पावसाशी त्याचे नाते असले, तरी त्याचा जोर पुष्कळ अधिक असतो.

जमिनीवरील माणसाला या ढगांचा केवळ तळ दिसतो. वैमानिकाला मात्र त्यांचा तळ, मध्य आणि माथा असे तिन्ही भाग पाहता येतात. ढगांचे सौंदर्य जवळून अनुभवण्याची संधी त्याच्याइतकी फार थोड्या व्यवसायांत मिळते. त्याच वेळी त्या सौंदर्यापासून किती अंतर राखायचे, हे ठरविण्याची जबाबदारीही त्याच्यावर असते. म्हणूनच ढगांचे छायाचित्रण आणि हवामानाचे ज्ञान या दोन गोष्टी विमानाच्या कॉकपिटमध्ये एकत्र येतात.

ढगांना नावे कशी मिळाली

ढग सतत आकार बदलत असल्याने त्यांचे वर्गीकरण करणे शक्य नाही, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. लंडनमधील औषधनिर्माते ल्यूक हॉवर्ड यांनी १८०२ मध्ये एका व्याख्यानात या समजाला छेद दिला. त्यांनी लॅटिन भाषेतील शब्द घेऊन ढगांना नावे दिली. पिंजलेल्या तंतूंसारखा तो सिरस, ढिगासारखा तो क्युम्युलस, थरासारखा तो स्ट्रेटस आणि पाऊस देणारा तो निंबस. मराठीत यांनाच अनुक्रमे तंतुमेघ, राशिमेघ, स्तरमेघ आणि वर्षामेघ असे म्हटले जाते. हॉवर्ड यांच्या मूळ शब्दांच्या जोडण्यांतूनच आजची नावे तयार झाली आहेत.

या वर्गीकरणाला छायाचित्रणाची जोड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाली. लंडनमध्ये दिसणारा ढग आणि उष्ण कटिबंधात दिसणारा ढग एकच आहे का, हा प्रश्न त्या वेळी अनुत्तरित होता. ब्रिटिश हवामानतज्ज्ञ राल्फ ॲबरक्रॉम्बी यांनी त्यासाठी दोन वेळा पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि ढगांचे मुख्य प्रकार सर्वत्र सारखेच असल्याचा निष्कर्ष काढला. १८८७ मध्ये त्यांनी स्वीडनचे ह्युगो हिल्डेब्रांडसन यांच्यासह दहा प्रकारांची योजना मांडली.

आंतरराष्ट्रीय मेघसंग्रहाची पहिली आवृत्ती १८९६ मध्ये प्रसिद्ध झाली. ढगांची छायाचित्रे घेणे त्या काळी सोपे नव्हते. तेव्हाच्या काचेच्या प्लेट निळ्या प्रकाशाला अधिक प्रतिसाद देत असत. त्यामुळे निळे आकाश आणि पांढरा ढग हे दोन्ही छायाचित्रात सारखेच पांढरे उमटत. विरळ तंतुमेघ टिपणे तर विशेष अवघड होते.

या संग्रहाची अद्ययावत आवृत्ती जागतिक हवामान संघटनेने २३ मार्च २०१७ रोजी, जागतिक हवामानदिनी, प्रसिद्ध केली. मुख्य प्रकार दहाच राहिले. मात्र काही नवे उपप्रकार व वैशिष्ट्ये त्यात समाविष्ट झाली. त्यांतील 'ॲस्पेरिटस' या लाटांसारख्या खवळलेल्या ढगाला मान्यता मिळण्यात सर्वसामान्य निरीक्षकांनी टिपलेल्या छायाचित्रांचा मोठा वाटा होता. विमानाच्या मागे उमटणाऱ्या पांढऱ्या रेषांनाही मानवनिर्मित ढग म्हणून या आवृत्तीत स्वतंत्र नाव देण्यात आले.

कोलकाता आणि हवामानशास्त्र

भारतातील हवामानशास्त्राचा आरंभ कोलकात्याशी जोडलेला आहे. येथील सागरी चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष हेन्री पिडिंग्टन यांनी बंगालच्या उपसागरातील वादळांच्या नोंदी जहाजांच्या दैनंदिनींतून गोळा केल्या. १८४८ मध्ये खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी वेटोळे घालणाऱ्या वाऱ्याला 'सायक्लोन' हे नाव दिले. सापाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून ते घेतलेले आहे. आज जगभर वापरला जाणारा हा शब्द कोलकात्यात जन्मला.

५ ऑक्टोबर १८६४ रोजी कोलकात्याला चक्रीवादळाचा भीषण तडाखा बसला. त्यानंतर १८६६ आणि १८७१ मध्ये मोसमी पावसाने दगा दिला. या आपत्तींनंतर देशभरातील निरीक्षणे एका यंत्रणेखाली आणण्याचा निर्णय झाला आणि १८७५ मध्ये भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना करण्यात आली. त्याचे पहिले मुख्यालय कोलकात्यातच होते व हेन्री ब्लॅनफर्ड हे पहिले प्रमुख होते. मुख्यालय १९०५ मध्ये सिमल्याला, १९२८ मध्ये पुण्याला आणि १९४४ मध्ये दिल्लीला हलविण्यात आले. पुण्यातील शिवाजीनगरची वेधशाळा 'सिमला ऑफिस' या नावाने ओळखली जाते, ती या स्थलांतरामुळेच.

दमदमचा विमानतळही जुना आहे. १९२० च्या दशकातच युरोपातून पूर्वेकडे जाणाऱ्या विमानांचा तो महत्त्वाचा थांबा बनला. १९२४ मध्ये ॲमस्टरडॅमहून बटाव्हियाकडे, म्हणजे आजच्या जाकार्ताकडे, जाणारे डच विमान येथे उतरले होते. १९९५ मध्ये या विमानतळाला नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव देण्यात आले.

कालबैशाखीचा ढग कसा वाढतो

उन्हाळ्यात बंगालच्या उपसागरावरून उष्ण व दमट वारे दक्षिणेकडून जमिनीवर येतात. त्याच वेळी वरच्या थरात पश्चिमेकडून व वायव्येकडून कोरडी हवा वाहत असते. कोरड्या हवेचा हा थर एखाद्या झाकणासारखे काम करतो. खालची दमट हवा त्यामुळे दुपारपर्यंत कोंडलेली राहते. छोटा नागपूरचे पठार उन्हाने तापले की हे झाकण फुटते आणि कोंडलेली हवा वेगाने वर उसळते.

वर जाणारी हवा थंड होते. ठराविक उंचीवर तिच्यातील बाष्पाचे थेंब बनतात आणि ढगाचा तळ तयार होतो. ही उंची काढण्याचा एक सोपा आडाखा आहे. हवेचे तापमान आणि दवबिंदू यांच्यातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे ढगाचा तळ सुमारे १२५ मीटर वर असतो. तापमान ३६ अंश आणि दवबिंदू २६ अंश सेल्सिअस असेल, तर राशिमेघाचा तळ सुमारे १२५० मीटरवर, म्हणजे अंदाजे ४१०० फुटांवर, सापडतो. उड्डाणापूर्वी हातात येणाऱ्या हवामानवृत्तात हे दोन्ही आकडे असतात.

बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते. ती ढगातील हवेला आणखी वर ढकलते. अशा रीतीने ढग स्वतःच्याच ऊर्जेवर वाढत जातो. उष्ण कटिबंधात त्याचा माथा १५ किलोमीटरच्याही वर पोहोचू शकतो. तेथे वातावरणाच्या स्थिर थराला आदळून तो आडवा पसरतो व त्याला लोहाराच्या ऐरणीसारखा आकार येतो. प्रवासी विमाने सर्वसाधारणपणे १० ते १२ किलोमीटर उंचीवरून जातात. म्हणजे पूर्ण वाढलेला गर्जन्मेघ विमानापेक्षा कित्येक किलोमीटर उंच असतो. त्याच्यावरून जाणे बहुधा शक्य नसते. त्याला वळसाच घालावा लागतो.

रांचीपासून कोलकात्याचे हवाई अंतर सुमारे ३२५ किलोमीटर आहे. ताशी ५० ते ६० किलोमीटर वेगाने सरकणाऱ्या वादळरांगेला हे अंतर कापण्यास सुमारे साडेपाच ते साडेसहा तास लागतात. पठारावर दुपारी उठलेले वादळ कोलकात्याला संध्याकाळी गाठते, ते यामुळेच. जमिनीवरून ते शेवटच्या तासात दिसते. ११ किलोमीटर उंचीवरील विमानातून मात्र क्षितिज सुमारे ३७० किलोमीटर दूर असते. कोलकात्यावरून जाणारा वैमानिक हवा स्वच्छ असेल तर रांचीवरील ढगाचा पांढरा माथा प्रत्यक्ष पाहू शकतो.

कोलकात्यावर १७ एप्रिल २०१८ च्या संध्याकाळी लागोपाठ दोन वादळे आली. त्यांतील दुसऱ्याच्या वाऱ्याचा वेग ताशी ९८ किलोमीटर नोंदविला गेला. झाडे व भिंती कोसळून जीवितहानी झाली.

१९५३ चा अपघात

ढग ओळखण्याला वैमानिकांच्या शिक्षणात एवढे महत्त्व का आहे, हे कोलकात्याच्याच इतिहासातील एका घटनेवरून स्पष्ट होते. २ मे १९५२ रोजी 'कॉमेट' या विमानाने जगातील पहिली जेट प्रवासी सेवा सुरू झाली. बरोबर एक वर्षाने, २ मे १९५३ रोजी, सिंगापूरहून लंडनला जाणारे याच प्रकारचे विमान दमदमहून दिल्लीकडे निघाले. वेळ दुपार सरत आल्याची होती. उड्डाणानंतर अवघ्या सहा मिनिटांच्या सुमारास ते वादळात सापडून हवेतच मोडले. विमानातील सर्व ४३ जण मृत्युमुखी पडले. अवशेष कोलकात्यापासून सुमारे ३५ किलोमीटरवर विखुरलेले आढळले.

भारतातील चौकशी न्यायालयाने गडगडाटी वादळातून जाताना विमानाचा सांगाडा मोडल्याचा निष्कर्ष काढला. पुढील वर्षी, जानेवारी व एप्रिल १९५४ मध्ये, इटलीजवळ आणखी दोन कॉमेट विमाने कोसळली. त्या अपघातांचे कारण धातूला आलेला थकवा हे असल्याचे संशोधनात सिद्ध झाले. कोलकात्याच्या अपघाताशी मात्र कालबैशाखीचे नाव कायमचे जोडले गेले.

त्या काळी प्रवासी विमानांच्या नाकात हवामान रडार नसे. ढगाच्या आत काय चालले आहे, हे बाहेरच्या रूपावरूनच ओळखावे लागे. १९५० च्या दशकात दमदम येथे वादळांचा वेध घेणारे रडार बसविण्यात आले. प्रवासी विमानांतही हवामान रडार पुढे सर्वत्र आले. या शतकाच्या प्रारंभी कोलकात्यात डॉप्लर रडार कार्यान्वित झाले. पूर्व व ईशान्य भारतातील तीव्र वादळांच्या अभ्यासासाठी २००५ पासून 'स्टॉर्म' हा राष्ट्रीय कार्यक्रमही हाती घेण्यात आला.

तरीही धोका संपलेला नाही. १ मे २०२२ रोजी मुंबईहून निघालेले एक प्रवासी विमान पश्चिम बंगालमधील अंडाल विमानतळाकडे उतरत असताना वादळी हवेतील तीव्र हेलकाव्यांत सापडले. विमान सुरक्षित उतरले. परंतु अनेक प्रवासी जखमी झाले.

रडार असताना डोळ्यांची गरज का

विमानातील रडार पावसाच्या थेंबांवरून परतणाऱ्या लहरी मोजते आणि पडद्यावर हिरवा, पिवळा व लाल असे रंग दाखविते. लाल म्हणजे सर्वाधिक पाऊस. मात्र या यंत्राच्या काही मर्यादा आहेत. कोरडे हिमकण लहरी फारशा परतवीत नाहीत. त्यामुळे ढगाचा बर्फाळ माथा पडद्यावर फिकट किंवा अदृश्य राहू शकतो. रडारचा झोत खाली झुकवून ढगाच्या पाणीदार भागाकडे वळविला तरच खरे चित्र समोर येते.

दुसरी मर्यादा अधिक फसवी आहे. समोरचा पाऊस फार जोरदार असेल, तर लहरी त्यातच शोषल्या जातात. मग त्यामागील वादळ पडद्यावर उमटत नाही आणि तेथे मोकळी वाट असल्याचा भास होतो. लाल पट्ट्यामागची काळी जागा सुरक्षित समजू नये, असे वैमानिकांना म्हणूनच शिकविले जाते. अशा वेळी खिडकीतून दिसणारा ढग आणि पडद्यावरचे चित्र यांची सांगड घालावी लागते.

तीव्र गर्जन्मेघापासून किमान २० सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर, दूर राहावे, असा सर्वमान्य संकेत आहे. ढगाबाहेरही, विशेषतः ऐरणीच्या पसरलेल्या भागाखाली, गारा पडू शकतात. त्यामुळे तेथील हवा स्वच्छ दिसली तरी वैमानिक त्या बाजूने जाण्याचे टाळतात.

दमदम येथे उतरताना आणखी एक अडचण उभी राहते. येथील दोन्ही धावपट्ट्या साधारणपणे दक्षिणोत्तर आहेत. उन्हाळ्यात वारा दक्षिणेकडून असल्याने विमाने उत्तरेकडून येऊन दक्षिणेकडे तोंड करून उतरतात. कालबैशाखी पोहोचताच वारा एकाएकी वायव्येचा होतो. वायव्येकडून ४० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ७४ किलोमीटर, वेगाने वारा सुटला, तर त्यातील सुमारे ३३ नॉट इतका भाग धावपट्टीला आडवा लागतो आणि उरलेला विमानाला मागून ढकलतो. अशा स्थितीत विमान घिरट्या घालीत ठेवणे किंवा भुवनेश्वर, रांची यांसारख्या पर्यायी विमानतळाकडे नेणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

छायाचित्रांनी उलगडलेले कोडे

वादळी ढगातून खाली कोसळणाऱ्या हवेच्या लोटाचा शोध लागण्यात छायाचित्रांचा मोलाचा वाटा आहे. जपानी-अमेरिकी शास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी १९४५ मध्ये नागासाकी येथील अणुस्फोटाच्या विध्वंसाची पाहणी केली होती. तेथे एका बिंदूपासून सर्व दिशांना पडलेली झाडे त्यांच्या लक्षात राहिली. १९७४ मध्ये अमेरिकेतील चक्रीवातांच्या हानीची विमानातून पाहणी करताना त्यांना झाडांची तशीच ताऱ्यासारखी रचना काही ठिकाणी आढळली.

२४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्क येथे उतरत असलेले विमान वादळात कोसळून ११३ जणांचा मृत्यू झाला. फुजिता यांनी या अपघाताचा अभ्यास करून ढगातून अचानक कोसळणारा व जमिनीवर आदळून चहूकडे पसरणारा वारा त्यास कारणीभूत असल्याचे मांडले. अशा चार किलोमीटरपेक्षा कमी व्याप्तीच्या लोटाला 'मायक्रोबर्स्ट' म्हणतात. विमान त्यात शिरले की प्रथम समोरून जोराचा वारा लागतो आणि काही क्षणांतच तो मागून लागू लागतो. उतरण्याच्या टप्प्यात वेग व उंची दोन्ही कमी असल्याने सावरण्यास वेळ उरत नाही.

या संकटाची एक खूण आकाशातच दिसते. ढगाच्या तळातून पावसाच्या धारा लोंबताना दिसतात. पण त्या जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. वाटेतच त्यांची वाफ होते. त्यामुळे थंड व जड झालेली हवा वेगाने खाली येते. छायाचित्रकाराला हे दृश्य मोहक वाटते. वैमानिकासाठी मात्र तो इशारा असतो.

वैमानिक जेव्हा कॅमेरा हाती घेतो

ढगांच्या छायाचित्रणासाठी काही वैमानिक जगभर ओळखले जातात. इक्वेडोरचे सान्तियागो बोर्हा यांनी २०१६ मध्ये पनामाच्या दक्षिणेस प्रशांत महासागरावर सुमारे ३७ हजार फुटांवरून एका गर्जन्मेघाचे छायाचित्र टिपले. रात्रीच्या अंधारात विजेच्या एका लखलखाटाने तो ढग आतून उजळला होता. ऐरणीच्या आकाराचा इतका स्पष्ट नमुना क्वचितच पाहण्यास मिळतो. नेदरलँड्सचे क्रिस्टियान फान हाइस्ट हे मालवाहू बोइंग ७४७ विमानाचे वैमानिकही रात्रीचे आकाश, वादळे व ध्रुवप्रकाश यांच्या छायाचित्रांसाठी परिचित आहेत.

कोलकात्यात हे काम जमिनीवरूनही चालते. 'कोलकाता क्लाऊड चेसर्स' या नावाने एकत्र आलेले हौशी छायाचित्रकार कालबैशाखीच्या हंगामात रडार व उपग्रहांची चित्रे पाहून वादळाची दिशा ठरवितात आणि मोकळ्या मैदानांवर जाऊन ढग टिपतात. वादळाच्या आघाडीवर येणारा फळीसारखा आडवा ढग हे त्यांचे मुख्य आकर्षण असते.

जमिनीवरून आणि आकाशातून टिपलेले एकाच वादळाचे चित्र अगदी वेगळे असते. कोलकाता पूर्वेला असल्याने एप्रिलच्या मध्यास तेथे मुंबईच्या सुमारे तासभर आधी, सहाच्या सुमारास, सूर्यास्त होतो. वादळ वायव्येकडून येते, तेव्हा सूर्य त्याच्या मागे असतो. शहरातील माणसाला म्हणून ते काळेभोर दिसते. पश्चिमेकडून येणाऱ्या वैमानिकाला त्याच ढगाची उजळ बाजू दिसते. जमिनीवर अंधार पडल्यानंतरही उंच माथ्यावर काही काळ ऊन राहते आणि तो आधी सोनेरी, मग गुलाबी होत जातो.

विमानातून दिसणारे आणखी एक दृश्य म्हणजे ढगावर पडलेल्या विमानाच्या सावलीभोवतीचे रंगीत वलय. सूर्य पाठीमागे आणि खाली पाणथेंबांचा ढग असेल, तेव्हा ते दिसते. स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस पर्वतावर १८९४ मध्ये असेच प्रकाशाविष्कार पाहून सी. टी. आर. विल्सन यांना प्रयोगशाळेत ढग निर्माण करण्याची कल्पना सुचली. त्यातून सूक्ष्म कणांचे मार्ग दाखविणारी मेघपेटी तयार झाली व त्यांना १९२७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कोलकात्याहून बागडोगऱ्याकडे जाताना हवा स्वच्छ असेल, तर ८५८६ मीटर उंचीचे कांचनगंगा शिखर दिसते. त्याच्या परिसरात कधी मसुराच्या डाळीच्या आकाराचे, एका जागी स्थिर वाटणारे ढग आढळतात. वारा डोंगर ओलांडताना हवेत लाटा उठतात आणि त्यांच्या शिखरांवर हे ढग तयार होतात. ढग स्थिर दिसला तरी त्यातून वारा वेगाने वाहत असतो. पर्वताच्या आडोशाला हवा खवळलेली असल्याची ती खूण आहे.

नियम आणि मर्यादा

कॉकपिटमधील छायाचित्रणाला शिस्तीची चौकट आहे. उड्डाण व उतरण्याच्या टप्प्यांत, सर्वसाधारणपणे १० हजार फुटांखाली, वैमानिकांनी कामाशी संबंध नसलेली कोणतीही गोष्ट करू नये, असा दंडक आहे. ढगाचे चित्र टिपण्यासारखा क्षण नेमका याच टप्प्यात येतो, तेव्हा तो सोडून देणे हेच वैमानिकाचे कर्तव्य ठरते.

भारतात १९३७ च्या विमान नियमांतील तेराव्या नियमाने सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून परवानगीविना छायाचित्रे घेण्यास मनाई केली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २००४ च्या परिपत्रकाद्वारे प्रवाशांना विमानात बसून छायाचित्रे घेण्याची काही अटींवर मुभा दिली. संरक्षण दलांच्या विमानतळांवर मात्र मनाई असते. बागडोगरा व पुण्यातील लोहगाव हे असे विमानतळ आहेत.

प्रवाशांच्या खिडक्या प्लॅस्टिकच्या असतात. ध्रुवीकरण करणारी काच कॅमेऱ्याला लावल्यास त्यातून चित्रात इंद्रधनुषी डाग उमटतात. म्हणून ती काढून ठेवणे इष्ट असते. चित्रात क्षितिज घेतल्यास ढगाच्या आकाराचा अंदाज येतो. स्थळ, वेळ व दिशा यांची नोंद केल्यास तेच चित्र अभ्यासालाही उपयोगी पडते.

महाराष्ट्रातील मेघसंशोधन

ढगांचा आतून अभ्यास करण्याचे काम महाराष्ट्रातूनही चालते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून 'कायपिक्स' हा प्रयोग हाती घेतला. त्यात उपकरणांनी सज्ज विमाने प्रत्यक्ष ढगांत नेऊन थेंबांचा आकार, धूलिकण व तापमान यांची मोजमापे करण्यात आली. पर्जन्यछायेतील सोलापूर येथे या प्रयोगाचा एक टप्पा पार पडला. महाबळेश्वर येथे संस्थेची ढगांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा असून तेथे पावसाळ्यात ढग जमिनीलाच टेकलेले असतात. विजांची पूर्वसूचना देणारे 'दामिनी' हे मोबाइलवरील ॲपही याच संस्थेने विकसित केले आहे.

दहा मुख्य मेघप्रकार : वैमानिकाच्या दृष्टीने

उष्ण कटिबंधात उच्च ढग साधारण ६ ते १८ किलोमीटर, मध्यम ढग २ ते ८ किलोमीटर आणि निम्न ढग २ किलोमीटरखाली आढळतात.

सिरस : पिंजलेल्या कापसाचे तंतू. वरच्या वाऱ्याची दिशा दाखवितात.

सिरोक्युम्युलस : बारीक दाण्यांची नक्षी. हवेत हलके हेलकावे संभवतात.

सिरोस्ट्रेटस : दुधी पडदा. सूर्य-चंद्राला खळे पडते.

आल्टोक्युम्युलस : मेंढ्यांच्या कळपासारखे पुंजके. सकाळी मनोरे दिसल्यास दुपारी वादळाची शक्यता.

आल्टोस्ट्रेटस : राखाडी थर. सूर्य धूसर काचेतून पाहिल्यासारखा दिसतो.

निंबोस्ट्रेटस : संततधार पावसाचा जाड थर. विमानावर बर्फ साचण्याचा धोका.

स्ट्रेटोक्युम्युलस : गोळ्यांची चादर. खाली सौम्य हेलकावे, वर शांत हवा.

स्ट्रेटस : जमिनीलगतचा थर. धावपट्टी दिसण्यास अडथळा. जमिनीला टेकला की धुके.

क्युम्युलस : सपाट तळाचा पांढरा ढीग. बंगालमध्ये शरद ऋतू व दुर्गापूजेची खूण. वेगाने उंच वाढू लागल्यास सावधगिरी आवश्यक.

क्युम्युलोनिंबस : विजा, गारा व वादळी वाऱ्याचा गर्जन्मेघ. कोणत्याही परिस्थितीत टाळावा.

विमानतळाच्या नियमित हवामानवृत्तात ढगांचे प्रमाण आकाशाच्या अष्टमांशांत व तळाची उंची फुटांत दिलेली असते. प्रकार मात्र दोनच नावांनी सांगितले जातात. एक म्हणजे मनोऱ्यासारखा वाढणारा क्युम्युलस आणि दुसरा क्युम्युलोनिंबस. उरलेले आठ प्रकार ओळखण्याचे काम वैमानिकाच्या डोळ्यांवर सोपविलेले आहे.